हात कंचा?

सवत असती तर बरं झालं असतं बाई. सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. पाणवठ्यावर गाठून चार शिव्या हासडता येतात, न्हायच जमलं तर तिच्या नावानं बोटं मोडता येतात. माझ्या नवऱ्यानं जी आणली तिला हात न्हवते का पाय न्हवते. ती त्यांच्या उपरण्यात राहायची. उपरणं डोक्यावर घेतलं की आली, खांद्यावर टाकलं की गेली. आन् सारा जिल्हा तिच्या नावानं टाळ्या पिटायचा.

आमचे मालक नकलाकार. म्या काय त्यांचं नाव घ्यायची न्हाय, पण यात्रंच्या कागदावर छापलेलं असायचं तेवढं सांगते. 'रामकिसन नकलाकार, पोट धरून हसा.' म्या न्हाय घेतलं, कागदानं घेतलं.

निजामाच्या वक्ताला चार माणसं एका जागी बसून हसली तरी विचारणा व्हायची, कशापायी हसायलाव म्हणून. ते राज्य गेलं, आन् गावोगाव गणपती बसाय लागले, शाळंचे जलसे व्हाय लागले, यात्रंत कुस्त्यांसंगट नकला बी पायजेत असं पंच म्हणाय लागले. भूमच्या बाजूचं आमचं रान दिराच्या हवाली केलं आन् आमी दोघं यष्टीनं फिराय लागलो. एक वळकटी, एक पेटी, आन् ते मेलं उपरणं.

आता दुसरे नकलाकार कसे असतात? कोंबडा आरवला, कुत्रं भुंकलं, आगगाडी गेली, संपलं. परांड्याला तेच, तुळजापूरला तेच. आमच्या मालकांचं तसं न्हवतं. ईट गावाला गेले की ईटचीच माणसं करायचे, कळंबला गेले की कळंबची. पाटील बशीतला च्या गार झाला तरी फुंकर कशी मारतो, गुरुजी छडी उगारताना आधी धोतराचा सोगा कसा सावरतात, पुजारी घंटा वाजवता वाजवता कुणाच्या ताटात काय हाय ते कसं बघतो. गाव आपल्यालाच बघून हसायचं. ज्याची नक्कल झाली तो दुसऱ्या दिवशी मिशीला पीळ देऊन फिरायचा.

आन् हे समदं त्यांना कोण सांगायचं? म्या! आमी एक दिवस आधी गावात जायचो. मालक न्हाव्याच्या सावलीला बसायचे, म्या पिठाच्या गिरणीवर. दळणाचं डालगं घेऊन बायका बसल्या की त्यांच्यात जाऊन टेकायची. म्या परगावची, उद्या जाणार, मग माझ्यापाशी बोलायला कुणाला कशाचं भ्या? पोटातलं समदं ओतायच्या. कोण कसं चालतं, कोण कुणाशी बोलत न्हाय, कुणाच्या घरात नुकतं दुःख झालंय. ते दुःखाचं घर तेवढं म्या आधी सांगायची, म्हंजी मालक तिकडं वळायचे न्हाईत.

मग म्या येऊन सांगाय बसायची. हे आपले शाळंच्या ओसरीवर उताणे, डोळ्यांवर आडवा हात, पाय हालवत. म्या सांगायले, हे 'हं... हं...' करायलेत. आन् कुणाचं बी नाव काढलं की त्यांचा पैला सवाल ठरलेला.

"हात कंचा?"

म्हंजी त्यो माणूस उजवा का डावा. मालकांचं म्हणणं असं, की आवाज जरा हिकडंतिकडं झाला तर लोक चालवून घेतात, पण डाव्या हातानं तंबाखू मळणारा उजव्यानं मळाय लागला की गाव म्हणतं, ह्यो कुणीतरी दुसराच हाय. एकदा हात चुकला की पुढचं समदं मातीत. म्हणून पैला हात.

बघा, माझ्याकडं त्यांचे कान असायचे, डोळे न्हाय. डोळ्यांवर तर हात असायचा.

ते बी म्या चालवून घेतलं. दमतो माणूस, डोळे मिटतो. पण समद्या नकला झाल्या की शेवटाला नीलम्मा यायची, आन् तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

नीलम्मा म्हंजी कानडी मुलखाकडची भजी विकणारी बाई. प्रत्येक गावाला ती त्या गावच्या बाजाराला यायची. ईटला आली की ईटच्या पाटलाशी भांडणार, भूमला आली की भूमच्या कंडक्टरशी. मालक उपरण्याचा पदर करून डोक्यावर घ्यायचे, दोन बोटांनी जरासा फुडं ओढायचे, मनगटाच्या पाठीनं वरचा ओठ पुसायचे, आन् बोलायच्या आधी मान कलती करून कडंला बघायचे. बस. येवढ्यावर माणूस नाहीसा व्हायचा आन् बाई बसलेली दिसायची. आवाज असा मऊ यायचा त्यांचा, की तसा माझ्याशी बोलताना कवाच आला न्हाय. कमळे, पाणी आण. कमळे, वळकटी बांध. हाच आवाज मला म्हाईत.

ईटला माझ्याशेजारी एक बाई बसली व्हती. हसून हसून तिच्या डोळ्याला पाणी आलं. पदरानं डोळे टिपत म्हणली, "अगं माय! बाईमाणसाकडं येवढं बारीक कोण बघतंय? आमच्या घरच्याला तर म्या लुगडं बदललं तरी कळत न्हाय. लई जीव असणार बग तिच्यावर."

म्या तोंड फिरवलं.

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "तूच का गं ती नीलम्मा?"

"न्हाय," म्या म्हणलं. "म्या त्यांची बायको."

"आं? मग नीलम्मा कोण?"

सांगा, काय जबाब द्यावा? अंगाचा नुसता तिळपापड झाला. आन् ही एकच बाई न्हाय. जिथं जाऊ तिथं हेच. च्याच्या हाटेलात, यष्टीत, गिरणीवर. नकलाकाराच्या संगट बाई दिसली की ती नीलम्माच असणार, दुसरी कशाला असंल!

बिऱ्हाडावर आल्या आल्या म्या विचारलं, "ही नीलम्मा कोण?"

"आगं, नक्कल हाय ती."

"नक्कल कशाची तरी असती. आभाळातनं पडत न्हाय."

मालक हसले. करंगळी कानात घालून हालवली. "हाय एक तामलवाडीला. यष्टीच्या थांब्यावर."

बोलताना त्यांची करंगळी कानात गेली की काहीतरी दडवायलेत, हे मला लग्नाच्या पैल्या वर्षापासनं ठाऊक. म्या तवाच ठरवलं. ह्या बयेचं थोबाड एकदा बघायचंच.

मंगळवारी देवीला जाते म्हणून निघाले. तुळजापूरला दर्शन घेतलं. देवीला काय मागितलं ते सांगत न्हाय, चांगलं न्हवतं येवढं समजा. मग सोलापूरच्या यष्टीत बसून तामलवाडीला उतरले. वाटंनं काय काय बोलायचं ते मनात घोकत व्हते. 'काय गं भवाने, तुला दुसऱ्याचाच नवरा गावला का' हितनं सुरवात करायची आन् मग जे तोंडाला यील ते.

थांब्यावर लिंबाखाली चूल, कढई, आन् कढईम्होरं एक म्हातारी. डोकं पांढरं, तोंडात चार दात, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. म्या आजूबाजूला बघितलं. म्हणलं, हिची लेक असंल, सून असंल. कुणीच न्हवतं.

म्हातारीनं दोन बोटांनी पदर जरासा फुडं ओढला. मनगटाच्या पाठीनं ओठावरचा घाम पुसला. मान कलती करून कडंला बघितलं आन् म्हणली, "बर्री, बर्री! ये की. उनात कशाला उभा राहतंय बाई? बस की."

माझं घोकलेलं समदं घशातच राहिलं. म्या बसले. तिनं कागदावर भजी दिली.

"आजी, हितं एक नकलाकार यायचा का वो?"

"व्हय की! उंचच्या उंच. आला व्हता. त्या दगडावर बसून बघतंय. उगवल्यापासून मावळंपर्यंत माझ्याकडंच बघतंय. म्हणलं, म्हातारीकडं काय बघतंय रे? बोलत न्हाय. नुसतं ओठ हलतंय त्याचं. आठवडाभर असंच. मग एक दिवस उठलं, आन् माझंच आवाज काढलं, माझंच पदर ओढलं. म्या हसून हसून मेलं बग." आन् ती खरंच पोट धरून हसाय लागली.

"मग? परत आला का?"

"यतंय की. यष्टीतनं उतरतंय, भजी घेतंय, जातंय. पण आता बघत न्हाय." तिनं झारा कढईवर आपटला. "त्याचं काम झालं. एकदा जमलं की ते कशाला बघतंय?"

तुमाला वाटंल, म्हातारी निघाली म्हणून माझा जीव भांड्यात पडला असंल. कशाचं काय! जास्तच जळाले. तरणीताठी असती, गोरीगोमटी असती, तर एक वेळ म्हणले असते, पुरुषाची जात, भाळला. पण चार दातांच्या म्हातारीकडं आठवडाभर बघाय ह्यांना फुरसत, आन् घरात मुक्काम करून असलेल्या बायकोकडं डोळ्यांवरचा हात काढून बघाय न्हाय? मग म्या त्या लिंबाखालच्या दगडापरीस बी गेलेली का? येताना यष्टीत खिडकीकडं तोंड करून म्या रडले. रागानं रडले, दुःखानं न्हाय. दोन्हीतला फरक मला कळतो.

त्याच सुमाराला बेंबळीचं आवतन आलं. बेंबळी माझं माहेर. आईबाप गेले, पण माझी लक्ष्मीआत्या हाय, जिनं मला वाढवलं. यात्रंचे पंच आण्णासाहेब सोता येऊन म्हणले, "जावाईबापू, जिल्हाभर हसवता, मग सासुरवाडीनं काय घोडं मारलंय?"

आण्णासाहेब गेले आन् म्या बोलले. येवढ्या वर्षांत कवा काय मागितलं न्हवतं, ते मागितलं.

"बेंबळीत नीलम्मा करू नका."

"मग शेवटाला काय?"

"माझी करा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. नीट न्हाय, असंच, घड्याळात बघावं तसं. "तुझी? करू की! त्याला काय लागतंय? घरचीच तर हायस."

येवढ्यानं बी म्या फुलून गेले, काय सांगू! येडीच म्या. चार दिवस आधीच माहेरी गेले. दारात पाऊल टाकलं तर आत्या आतनंच वरडली, "आली का गं माझी डावरी!"

व्हय, म्या डावरी. चुलीत लाकूड घालायचं तर डावा, भाकरी थापायची तर डावा, सुई, इळा, झाडू, कुत्र्याला धोंडा मारायचा तरी डावा. लहानपणी शेजारच्या मोप बायका म्हणल्या, पोरीची खोड मोडा, न्हायतर कोण पदरात घील. आत्यानं मोडली न्हाय. बेंबळीत आजबी 'डावरी कमळी' म्हणलं की आंधळा माणूस सुदा माझं घर दावंल. सासरी गेले तर सासूनं येवढंच बजावलं, ताटात वाढताना उजवा हात. ते तेवढं म्या पाळलं. बाकी समदं डाव्यानंच.

आत्याला म्या सांगितलं, ह्या वक्ताला माझी नक्कल व्हणार हाय. आत्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. सांजच्यापर्यंत साऱ्या बेंबळीला खबर. ज्या मैत्रिणी लग्नानंतर कवा भेटल्या न्हवत्या त्या सुदा भेटाय आल्या. 'नशीब काढलंस गं कमळे, आमच्या घरच्यांनी तर लग्नात तोंड बघितलं तेवढंच.' म्या नवं हिरवं लुगडं काढलं. मनात म्हणलं, बघ गं नीलम्मा, आता कोण बसतंय त्या उपरण्यात.

एक गोष्ट मात्र टोचली व्हती. बेंबळीत यिऊन मालकांनी समद्यांची खबर माझ्याकडनं घेतली. आण्णासाहेबांचा हात कंचा, देवळाच्या गुरवाचा कंचा, ताशेवाल्याचा कंचा. माझ्याबद्दल काय बी विचारलं न्हाय. म्या म्हणलं, कशाला विचारतील? घरचीच तर हाय म्या.

कुस्त्या सपल्या आन् उन्हं कलताना देवळाम्होरच्या पारावर नकला सुरू झाल्या. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. मालक उभे राहिले आन् बेंबळी खाली लोळाय लागली. आण्णासाहेब फेटा बांधताना आरसा न्हाय म्हणून पाण्याच्या बादलीत कसं बघतात ते केलं, तर खुद्द आण्णासाहेबांना ठसका लागला. गुरव झाला, ताशेवाला झाला. एक हात चुकला न्हाय. चुकंल कसा, माझी खबर व्हती.

मग मालकांनी हात वर केला. "आता तुमच्याच गावची लेक. आमची कारभारीण."

बायकांच्या अंगाला जी खुसफुस उठली! दोघीतिघींनी मला कोपरानं ढोसलं. म्या मान खाली घातली, पण डोळे वरच. छाती अशी धडधडायली, जशी अंतरपाट धरला तवा बी धडधडली न्हवती.

मालक खाली बसले. उपरणं डोक्यावर घेतलं. दोन बोटांनी जरासं फुडं ओढलं.

म्या पदर कवाच दोन बोटांनी ओढत न्हाय.

मग मनगटाच्या पाठीनं ओठ पुसला. मान कलती करून कडंला बघितलं. मग पिठाचा गोळा घेतल्यावानी केलं, आन् उजवा हात वर उचलला, आन् थापाय लागले. थप, थप, थप. उजव्या हातानं. "आवं, उठा की आता, भाकरी गार व्हायली," असं लाडं लाडं बोलायले. परगावची यात्रंकरू माणसं हसली. बेंबळी हसली न्हाय. येवढ्या मोठ्या जत्रंत एक लेकरू रडायलं तेवढंच ऐकू याय लागलं.

मालकांना कळंना काय झालं. त्यांनी आणखी जोरात थापलं.

तवा बायकांच्यातनं लक्ष्मीआत्या उठली. कमरंवर हात ठेवून म्हणली, "जावाईबापू, ही कोण म्हणायची?"

"कोण म्हंजी? तुमची कमळी."

"आमची कमळी डावरी हाय वो."

मालकांचा उजवा हात तसाच वर राहिला. आन् मग बेंबळी हसली. पण नकलंला न्हाय, त्यांना हसली. पुरुषांच्यातनं कुणीतरी वरडलं, "साऱ्या जिल्ह्याचे हात ठाऊक, आन् घरचा न्हाय!" हसू असं उसळलं, की पारावरची पाखरं उडाली.

म्या म्हणते, ठाऊक नसंल का त्यांना? एका घरात राहून कवातरी दिसलंच असंल. पण दिसणं निराळं, बघणं निराळं. हे त्यांनीच मला शिकवलेलं.

ते हसणं म्या सोसलं असतं. त्यांनीच ओढवून घेतलेलं, म्हणलं, भोगू दे. पण बायका माझ्याकडं बघाय लागल्या. ज्या नशीब काढलंस म्हणत व्हत्या, त्याच आता 'अरेरे' अशा तोंडानं बघायल्या. एकीनं तर माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तो हात पाठीवर पडला आन् माझं टाळकंच फिरलं. म्हणलं, बेंबळीत येऊन कीव करून घिऊ का म्या? डावरी कमळी?

उठले आन् तडक पारावर चढले. कुणाची बायको पारावर चढली असं बेंबळीनं कवा बघितलं न्हवतं. आण्णासाहेब अर्धवट उठले आन् परत बसले.

म्या पदर खोचला. मालकांच्या डोक्यावरचं उपरणं काढून घेतलं, डाव्या हातानं, समद्यांना दिसंल असं. आन् म्हणलं, "त्यांची चूक न्हाय. घरातलं माणूस कसं दिसतंय ते म्या दावते. बसा तुमी."

उपरणं आधी नाकाला लावून हुंगलं, मग खांद्यावर टाकलं. कारण हे असंच करतात, दर वेळंला, पारावर चढायच्या आधी. मग सरळ पारावर उताणी झाले, डोळ्यांवर आडवा हात टाकला, आन् पाय हालवाय लागले. "हं... हं... कमळे, सांग. हं... पाणी आण. हं... हात कंचा?" मग उठून तंबाखू मळली, चुना चोळला, आन् चिमूट तोंडात टाकायच्या आधी आभाळाकडं बघून 'हे पांडुरंगा' म्हणलं. मग करंगळी कानात घालून हालवली आन् म्हणलं, "नीलम्मा? आगं, नक्कल हाय ती."

बेंबळी कोसळली. पुरुष एकमेकांच्या खांद्यावर पडायले, बायका पदराचे बोळे तोंडात कोंबायल्या. आण्णासाहेबांचा फेटा सुटून मांडीवर आला. लक्ष्मीआत्या तर खाली बसून जमीन बडवायली. "जावाईबापू," कुणीतरी वरडलं, "आता तुमी वळकटी बांधा, कमळीला करू द्या!"

म्या मालकांकडं बघितलं. ते हसत न्हवते. पाराच्या कडंला उभे, उपरण्याबिगर, दोन्ही हात लोंबकळत. आन् माझ्याकडं बघत व्हते. दोन्ही डोळे टक्क उघडे. नवी नवरी व्हते तवा सुदा असं बघितलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी यष्टीत ते उपरण्याची घडी मोडत, परत घालत बसले. तोंड असं, जसं कुणी त्यांच्या ताटातली पोळी उचलून नेलीय. मग एकदम म्हणले, "उपरणं हुंगतो ते कवा बघितलंस?"

"रोज."

"आन् करंगळी?"

"ती बी रोज."

"मला कसं ठाऊक न्हाय मग?"

"तुमी गाव बघता," म्या म्हणलं. "म्या तुमाला बघते. मला दुसरं गाव कुठं हाय?"

मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणले, "लोक माझ्या नकलंला असं हसले न्हाईत कवा." त्यांच्या आवाजात ती ठिणगी म्या वळखली. माझ्याच चुलीतली. सांगते ना, लई बरं वाटलं. म्हणलं, जळा जरा. माझं जळून कोळसा झालंय.

तवापासनं मालक बदलले. म्या चुलीपाशी बसले की समोर येऊन बसायचे. डोळ्यांवर हात न्हाय, काय न्हाय. म्या पीठ मळायले, ते बघायलेत. म्या सुईत दोरा ओवायले, ते बघायलेत. म्या लाजून लाल व्हायची. ह्या वयात! रात्रंदिवस देवीला म्हणायची, आई, खणानारळानं तुझी ओटी भरीन.

मग एकदा भाकरी थापताना सहज वर बघितलं. मालकांची मान कलती झालेली, आन् ओठ हालायले. नुसते ओठ, आवाज न्हाय. डावा हात मांडीवर हळूच उठत व्हता, पडत व्हता. थप. थप.

मला तामलवाडीचा लिंब दिसला. म्हातारीचा झारा कढईवर आपटलेला ऐकू आला. एकदा जमलं की ते कशाला बघतंय?

म्हंजी हे बायकोकडं न्हवतं चाललेलं बघणं. नकलंकडं चाललेलं. पुढच्या यात्रंला नीलम्मा जाणार आन् कमळी येणार, टाळ्या कमळीला पडणार, आन् ज्या दिवशी ती कमळी त्यांच्या उपरण्यात नीट बसंल त्या दिवशी परत डोळ्यांवर आडवा हात. कमळे, पाणी आण. मला त्या क्षणी त्या कमळीचा इतका राग आला, की नीलम्माचा बी कवा आला न्हवता. माझंच लुगडं, माझाच हात, आन् माझ्याच नवऱ्याला घिऊन चालली रांड!

म्या गोळा परातीत ठेवला. हात धुतले. आन् दुसरा गोळा घेऊन उजव्या हातानं थापाय लागले.

मालकांचे ओठ थांबले. "आगं, काल डावा व्हता की."

"व्हय का?" म्या म्हणलं. "बघा बाई. नीट बघा."

तवापासनं एक दिवस डावा, एक दिवस उजवा. पदर कवा डोक्यावर, कवा खांद्यावर. चालताना कवा भराभरा, कवा रेंगाळत. उजव्या हाताची भाकरी वाकडी येती, कडंला फाटती, तव्यावर टाकताना दुमडती. मालक मुकाट खातात, पाणी पितात, आन् परत चुलीपाशी येऊन बसतात.